नळाची भिंत

गावात नळ आला, असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उभी राहते ती तोटी. तोटीखाली घागर लावली, पाणी आले, की नळ आला. पण ज्याला खरोखर नळ म्हणायचे, तो डोळ्यांआड असतो. धरणापासून किंवा विहिरीपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून आपल्या दारापर्यंत तो जमिनीत निजलेला असतो. एकदा चर बुजवला की त्याची आठवण आपल्याला होते ती तो फुटल्यावरच. आज मी बोलणार आहे तो या पुरलेल्या नळाविषयी, आणि त्यातही त्याच्या भिंतीविषयी. नळ कशाचा करावा हा प्रश्न कारखानदारांचा आणि इंजिनिअरांचा, असे आपल्याला वाटते. पण गावातल्या पोराबाळांची प्रकृती आणि ओढ्यानदीचे पाणी यांच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पाहू.

प्रथम नळाला कामे किती असतात, ते मोजू. पहिले काम, आतल्या पाण्याचा दाब सोसायचा. दुसरे, वरच्या मातीचे आणि गाड्यांचे ओझे पेलायचे. तिसरे, आतून पाण्याने आणि बाहेरून ओल्या मातीने खराब व्हायचे नाही. आणि चौथे, आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही व बाहेरची घाण आत येऊ द्यायची नाही.

आता ही चारही कामे एकट्याने नीट करील असा पदार्थ शोधायला निघालो, तर तो सहसा सापडत नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिथे डोंगराकडचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून आणलेले आहे. त्या शहरात नहरींनी पाणी खेळवण्याची सुरुवात सतराव्या शतकात मलिक अंबरने केली. मातीचा नळ गंजत नाही, सडत नाही. पण कुदळीचा एक घाव बसला की संपला. लोखंडाचा नळ घाव सोसतो, दाबही सोसतो; पण तो गंजतो. काँक्रीट दाबले तर दगडासारखे टिकते, ओढले तर तडकते. प्लॅस्टिकला गंज माहीत नाही. पण नळ मोठ्या व्यासाचा आणि दाब जास्त असला, तर त्याची भिंत फार जाड करावी लागते.

मग उपाय काय? उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. जुन्या घरातली कणगी आठवा. बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि आतबाहेर शेणमातीने सारवलेली. नुसत्या कामट्यांची कणगी ठेवली तर फटींतून दाणे गळतील, किडे आत शिरतील. नुसत्या शेणमातीची केली तर धान्याच्या भाराने ती उभी चिरेल. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे कामट्या ओढ सोसतात आणि शेणमाती फटी बुजवते. शास्त्रात अशा वस्तूला संमिश्र द्रव्य म्हणतात. इथे एक बारकावा शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा. दुधात साखर घातली की ती विरघळते, वेगळी उरत नाही. कणगीत मात्र कामटी कामटीच राहते आणि माती मातीच राहते. दोघी आपापला गुण राखून एकमेकींचे उणे भरून काढतात.

याच युक्तीचा एक नळ तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. रस्त्याखालच्या मोरीत घातलेला ह्यूम पाइप. ह्यूम हे एका माणसाचे नाव आहे. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी १९१० साली ही रीत काढली. लोखंडी साचा आडवा ठेवायचा, त्यात सळ्यांचा पिंजरा बसवायचा, साचा वेगाने फिरवायचा आणि आत काँक्रीट सोडायचे. गोफण फिरवताना धोंडा बाहेर ओढ घेतो ना? तसेच हे काँक्रीट बाहेरच्या बाजूला साच्यावर दाबून बसते, त्यातले जादा पाणी सुटते आणि भिंत घट्ट होते. काँक्रीट दाब सोसते, सळ्या ओढ सोसतात. सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली आणि तेव्हापासून हे नाव आपल्याकडे इतके रुजले, की काँक्रीटच्या कोणत्याही मोठ्या नळाला आपण ह्यूम पाइपच म्हणतो.

पण शहराचे सांडपाणी वाहून नेताना या नळाचाही एक शत्रू निघाला. सांडपाण्याचा नळ सहसा पूर्ण भरून वाहत नाही, वर थोडी मोकळी जागा असते. खालच्या साचलेल्या घाणीत प्राणवायू नसतो. तिथले जंतू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हा वायू वर चढतो आणि नळाच्या ओलसर छताला लागतो. छतावर दुसऱ्या जातीचे जंतू बसलेले असतात. ते या वायूपासून चक्क गंधकाम्ल तयार करतात, आणि ते आम्ल काँक्रीटला खात सुटते. हे जंतूंचे काम आहे, असे १९४५ साली ऑस्ट्रेलियातल्याच सी. डी. पार्कर यांनी दाखवून दिले. नळ खालून शाबूत आणि वरून पातळ, अशी त्याची गत होते, आणि एके दिवशी वरचा रस्ताच खचतो. तोवर फटींतून किती घाण जमिनीत मुरली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो काचतंतूंचा नळ. काच म्हटली की फुटकी वस्तू, असे आपल्या मनात येते. पण काचेचा रस बारीक छिद्रांतून वेगाने ओढला, तर माणसाच्या केसाहूनही बारीक तंतू निघतात. हे तंतू ओढ सोसण्यात साध्या पोलादाहून दणकट असतात. मात्र ते सुटेसुटे, त्यांना आकार नाही आणि त्यांतून पाणी पार निघून जाणार. म्हणून त्यांना राळेत भिजवतात. ही झाडाची राळ नव्हे, रसायनांपासून केलेली. ती काकवीसारखी वाहती असते आणि तिच्यात ठरावीक औषध मिसळले, की काही वेळात कडक होते. म्हणजे तंतू ही झाली कामटी आणि राळ ही झाली शेणमाती.

हा नळ करतात कसा, तेही सांगतो. एक गुळगुळीत, गोल साचा यंत्रावर आडवा फिरत असतो. राळेच्या कुंडातून बुडून निघालेले तंतूंचे पट्टे त्याच्यावर गुंडाळले जातात. पोरे भोवऱ्याला जाळी गुंडाळतात, तसेच. फक्त इथे वेढ्यांचा कोन गणिताने ठरवलेला असतो. गणित कशासाठी? दाबाने फुटलेला नळ कधी निरखून पाहा. चीर बहुधा लांबीच्या दिशेने गेलेली दिसेल. आतल्या पाण्याचा दाब नळाला घेराच्या दिशेने जितका ताणतो, त्याच्या निम्माच लांबीच्या दिशेने ताणतो. दोन्ही ओढी एकाच तिरक्या वेढ्याने सोसायच्या असतील, तर तो वेढा नळाच्या लांबीशी सुमारे ५५ अंशांचा असावा लागतो. जिथे लांबीकडची ओढ थोडी, तिथे वेढे आणखी आडवे घालतात.

ही ओढ किती असते, याचा एक हिशेब करून पाहू. १ मीटर व्यासाचा नळ आहे आणि पाणी ६० मीटर उंचीवरून आले आहे. १० मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा दाब. म्हणजे इथे ६ किलो झाला. नळाच्या अवघ्या १ सेंटीमीटर लांबीवर, त्याची वरची आणि खालची फाक एकमेकींपासून तोडायला पाहणारे बळ होते ६०० किलोंचे. बोटाएवढ्या पट्टीवर ज्वारीची सहा मोठी पोती टांगल्यासारखे! शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडावे. तंतू कशासाठी, हे मुलांना सांगावे लागणार नाही.

या नळाच्या भिंतीत थर असतात. अगदी आतला थर राळेचा भरपूर आणि तंतूंचा थोडा; त्याचे काम पाण्याला आणि आम्लाला अडवणे. त्याबाहेर ताकदीचे वेढे. आणि मधोमध पुष्कळदा राळेत कालवलेली स्वच्छ, कोरडी गारेची वाळू. वाळू का? तंतूंचे दोन पापुद्रे एकमेकांपासून दूर ठेवले, तर भिंत सहजी वाकत नाही. आणि मधली जागा भरायला महाग तंतू कशाला वाया घालवायचे? तयार नळ त्याच आकारमानाच्या पोलादाच्या साधारण चौथाई वजनाचा असतो. तो गंजत नाही, आणि योग्य राळ वापरलेली असली तर सांडपाण्यातल्या आम्लालाही दाद देत नाही. शिवाय आतून गुळगुळीत. जुन्या, गंज चढलेल्या लोखंडी नळातून जितके पाणी ढकलायचे, तितकेच या नळातून ढकलताना घर्षणात वाया जाणारी शक्ती निम्म्याच्या आसपास येते. तेवढी पंपाची वीज वाचते.

आता पर्यावरणाच्या दृष्टीने याचे मोल काय, ते पाहू. पहिले मोल पाण्याचे. उघड्या पाटातून पाणी सोडले की काही ऊन पिते, काही जमीन पिते, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला उरेल ते येते. पुरलेल्या नळातून ही तूट बरीच कमी होते. पाटाच्या कडेची जमीन पाझराने उपळते, चोपण होते, ते दुखणेही टळते. मात्र त्या पाझरावर कडेच्या विहिरी भरत असतील, तर त्यांचाही विचार आधी करावा लागतो.

दुसरे मोल आरोग्याचे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे. आपल्याकडे चोवीस तास पाणी क्वचितच असते. सकाळी तासभर पाणी सोडले, मग बंद. पाणी चालू असताना नळातल्या भेगेतून ते बाहेर येते. तेव्हा नुकसान होते ते पाण्याचे. पण पाणी बंद झाले आणि नळ रिता होऊ लागला, की दाब पडतो आणि तीच भेग बाहेरचे पाणी आत ओढते. नळ जर गटाराला खेटून गेला असेल, तर काय आत येत असेल, ते मी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या दिवशीची पहिली घागर त्या पाण्याने भरते. जुलाब, विषमज्वर, कावीळ ही दुखणी अशा वाटेने घराघरांत शिरतात. टाकीत टी. सी. एल. पावडर घातली तरी टाकीपुढच्या भेगेतून जी घाण आली, तिला ती पुरी पडेलच असे नाही. म्हणून नळाची भिंत आणि त्याचा सांधा शाबूत असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

जुने नळ खराब झाले तर? सगळा रस्ता उकरायचा का? याला एरिक वुड या इंग्रज गृहस्थांनी १९७१ साली एक उत्तर शोधले. लंडनच्या हॅकनी भागात विटांचे एक जुने गटार गळत होते. त्यांनी नमद्यासारख्या जाड कापडाची लांब नळी घेतली, ती राळेत भिजवली आणि गटारात सरकवून आतल्या भिंतीला चिकटवली. राळ कडक झाली आणि जुन्या गटाराच्या पोटातच नवा संमिश्र नळ तयार झाला. पुढे ही रीत जगभर पसरली. आता पुष्कळदा ही नळी पायमोजा उलटा करावा तशी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने आत उलगडत नेतात, आणि गरम पाण्याने किंवा वाफेने राळ पक्की करतात. रस्ता खणायला नको, मातीचे ढिगारे नकोत, वाहतूक अडवायला नको. मात्र काही राळांतून उग्र वाफा निघतात. त्यांपासून कामगारांना आणि शेजारच्या घरांना जपावे लागते.

श्रोतेहो, इतके गुण ऐकून, नवे म्हणजे सगळेच चांगले, असा समज कोणी करून घेऊ नये. संमिश्र द्रव्यांनी माणसाला एकदा मोठा चटका दिलेला आहे. ऑस्ट्रियाचे लुडविग हॅट्शेक यांनी १९०० सालच्या सुमारास सिमेंटमध्ये अॅस्बेस्टॉसचे खनिज तंतू घालून पत्रे करण्याची रीत काढली. पुढे त्याचेच नळही झाले. स्वस्त, हलके, न गंजणारे म्हणून जगभर त्यांची वाहवा झाली. पण त्या तंतूंची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेली, तर पुष्कळ वर्षांनी कर्करोग होतो, असे दिसून आले, आणि युरोपीय संघाने २००५ सालापासून अॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. आपल्या खेड्यांत असे जुने पत्रे आणि नळ अजून आहेत. घाबरून जाण्याचे कारण नाही. या नळातले पाणी प्यायल्याने अपाय होतो, असे खात्रीने दिसलेले नाही. धोका आहे तो धुळीचा. तेव्हा असा पत्रा किंवा नळ कोरडा कापू नका, घासू नका, फोडू नका. हात लावावाच लागला तर आधी चांगला भिजवा, नाकातोंडाला योग्य मुखपट्टी बांधा आणि मुलांना दूर ठेवा.

दुसरा धडा लिबिया देशाचा. वाळवंटाखालचे पाणी समुद्रकाठच्या शहरांकडे नेण्यासाठी तिथे ४ मीटर व्यासाचे काँक्रीटचे नळ घातले. त्यांच्याभोवती ओढून ताणलेल्या पोलादी तारांचे वेढे होते आणि तारांवर सिमेंटचा लेप होता. पहिला टप्पा १९९१ साली सुरू झाला. पण १९९९ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांतले काही नळ एकाएकी फुटले. जमिनीतले क्षार लेपातून आत शिरले होते आणि तारा गंजल्या होत्या. वरून काही दिसत नव्हते. काचतंतूंच्या नळाचेही तसेच आहे. आतल्या राळेच्या थराला ओरखडा गेला आणि आम्ल तंतूंपर्यंत पोचले, तर ताणलेले तंतू तुटत जातात. म्हणून हा नळ ट्रकमधून खाली टाकायचा नाही, दोराने अलगद उतरवायचा.

तिसरी अडचण म्हाताऱ्या नळाची. मेण पुन्हा वितळते, पण भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. या नळातली राळ मडक्याच्या जातीची आहे. एकदा कडक झाली की ती वितळत नाही. असे टाकाऊ जिन्नस दळून सिमेंटच्या भट्टीत जाळण्याची व्यवस्था जर्मनीत झालेली आहे. तिथे राळ जळण म्हणून आणि काच सिमेंटचा कच्चा माल म्हणून उपयोगी पडते. तरीही सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नळ असा घालणे, की तो उकरण्याची वेळ लवकर येऊच नये.

आणि इथेच तुमचा-आमचा संबंध येतो. काचतंतूंचे नळ मुख्यतः मोठ्या व्यासाच्या कामांना वापरतात. गल्लीतला नळ पुष्कळदा साध्या प्लॅस्टिकचा असतो. पण चर आणि सांधा यांचे नियम दोघांनाही जवळपास तेच आहेत. असा नळ थोडा लवचिक असतो. वरच्या ओझ्याने तो किंचित चपटा होऊ पाहतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी आधार देते ती घट्ट ठोकलेली माती. आता आपली काळी जमीन कशी आहे, ते तुम्हांला मी सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती ढेकळांसकट नळावर लोटली, तर नळ दरसाल हलतो आणि सांधे सुटतात. म्हणून नळाखाली आणि भोवती वाळू किंवा चाळलेला मुरूम हवा, आणि तो थराथराने चोपलेला हवा. दगडाचे टोक नळाला टेकता कामा नये. सांध्यातली रबरी कडी स्वच्छ पुसून, पीळ न पडता बसली पाहिजे. आणि चर बुजवण्याआधी नळ पाण्याने भरून दाबाची परीक्षा झाली पाहिजे.

गावात योजनेचे काम चालू असेल, तेव्हा सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि जाणत्या मंडळींनी चराच्या कडेला उभे राहून चार प्रश्न विचारावेत. नळाखाली काय घातले? सांध्यातली कडी तपासली का? दाबाची परीक्षा कधी आहे? पिण्याचा नळ गटारापासून पुरेसा दूर आणि त्याच्याहून वर आहे ना? हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. चर बुजल्यावर मात्र कोणीही विचारून उपयोग नसतो.

शिक्षकबंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. लाटण्यावर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून तीन सारख्या नळ्या करा. एक तशीच ठेवा. दुसरीला नुसती खळ लावा. तिसरीवर खळीत बुडवलेली सुतळी तिरकी गुंडाळा, एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून. दोन दिवस वाळू द्या, लाटणे काढून घ्या आणि तिन्ही नळ्या हाताने दाबून, पिळून पाहा. कोणती आधी चेपते, ते मुलेच सांगतील.

आणि एक हिशेब मुलांना घरी करायला द्या. गावातल्या एखाद्या गळक्या सांध्याखाली डबा धरून मिनिटाला किती पाणी पडते, ते मोजायचे. समजा, १ लिटर पडले. दिवसाची मिनिटे १४४०, म्हणजे पाणी सतत चालू असेल तर १४४० लिटर गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे त्या एका सांध्यातून २६ माणसांचे पाणी रोज मातीत जाते. हा आकडा मुलांनी शाळेच्या फळ्यावर लिहावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत नेऊन द्यावी. सांधा दुरुस्त झाला, की पुन्हा मोजावे.